इंद्रलोकात नाव शोधताना

आमच्या इंद्रलोकात संध्याकाळी सोसायटीच्या आवारातून मुलांना हाका मारल्या जातात, तेव्हा आरव, विहान, शिवांश, मायरा ही नावं दोन-दोन, तीन-तीनदा ऐकू येतात. शची, पौलोमी, वासव यांपैकी कुणी ‘आले गं’ म्हणून ओ देत नाही. भाईंदर पूर्वेच्या या वस्तीला नाव इंद्राच्या नगरीचं, पण इंद्राच्या घरातलं नाव कुणाच्या पोराला नाही.

नव्या आईबाबांची मागणी मात्र ठरलेली असते. नाव दुर्मीळ हवं, अर्थ चांगला हवा, मूळ संस्कृत असावं, दोन-तीन अक्षरांत बसावं आणि वर्गात त्याच नावाचं दुसरं कुणी नसावं. मग फोनवर याद्या चाळणं सुरू होतं आणि बारशाच्या आदल्या रात्रीपर्यंत चालतं. अशा घरांसाठी हा लेख. उदाहरणं मुद्दाम इंद्राच्या दरबारातली घेते. ती खरोखर दुर्मीळ आहेत, आणि नावाच्या बाबतीत जेवढ्या प्रकारे फसगत होऊ शकते तेवढे सगळे प्रकार त्यांच्यात भेटतात.

पौलोमीपासून सुरुवात करू. आमच्या मजल्यावरच्या एका सूनबाईंनी सातव्या महिन्यात मला फोनवर हे नाव दाखवलं. नावापुढे अर्थ दिलेला होता, ‘देवी’. बस, एवढंच. हा अर्थ नव्हे, ही भरती. यादी करणाऱ्याला ज्या नावाचा पत्ता लागत नाही त्यापुढे मुलगी असेल तर देवी, लक्ष्मी, सुंदर आणि मुलगा असेल तर विष्णू, सूर्य, तेजस्वी असं काहीतरी ठोकून दिलेलं असतं. सलग दहा नावांचे अर्थ वाचा आणि त्यांत देवी किती वेळा येते ते बघा, म्हणजे यादीची लायकी कळेल.

पौलोमी म्हणजे पुलोम्याची मुलगी. बापाच्या किंवा देशाच्या नावावरून मुलीला ओळखायची संस्कृतातली ही नेहमीची तऱ्हा आहे. द्रुपदाची द्रौपदी, जनकाची जानकी, पर्वताची पार्वती, विदेहाची वैदेही, तशी पुलोम्याची पौलोमी. पहिला स्वर वाढतो आणि शेवटी ई येते. ही तऱ्हा एकदा ध्यानात आली की निम्म्या अनोळखी नावांचं मूळ तुम्हाला घरबसल्या शोधता येतं. भार्गवी दिसली की भृगू आठवावा, मैथिली दिसली की मिथिला.

आता पुलोमा कोण? दानव. त्याची मुलगी शची इंद्राने बायको केली, आणि पुराणकथांनुसार सासऱ्याला ठारही मारलं. म्हणजे सरळ अर्थ केला तर पौलोमी म्हणजे दानवाची लेक. हे ऐकून सूनबाईंचा चेहरा उतरला. पण गोष्ट इथे संपत नाही. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातलं 159 वं सूक्त शची पौलोमीच्या नावावर आहे. सवतींवर मात करून घरात आपला शब्द चालवणाऱ्या बाईचं ते ठसक्यातलं बोलणं आहे, आणि ऋषी म्हणून नाव तिचं लागलेलं आहे. महाभारताच्या उद्योगपर्वात नहुष इंद्रपदावर चढून बसतो आणि शचीवर हक्क सांगतो. तेव्हा ती बृहस्पतीच्या आश्रयाला जाते, मुदत मागून घेते आणि शेवटी नहुषाला ऋषींनी वाहिलेल्या पालखीतून यायला सांगते. पालखीत बसून तो अगस्त्याला लाथ मारतो, शाप ओढवून घेतो आणि साप होऊन खाली कोसळतो. इंद्र तोवर लपून बसलेला असतो. या सगळ्या प्रकरणात डोकं शाबूत ठेवणारी शचीच. मला विचाराल तर बापाचं कूळ बाजूला ठेवून हे नाव खुशाल ठेवावं. दुर्मीळ नावाच्या पाठीशी एखादी खमकी बाई उभी असणं ही फार मोठी गोष्ट आहे.

एक गल्लत मात्र टाळा. पुलोमा नावाची बाईही महाभारतात आहे, ती भृगूची बायको आणि च्यवनाची आई. आदिपर्वातलं पौलोमपर्व तिच्यावरून ओळखलं जातं. याद्यांमध्ये या दोघींची सरमिसळ झालेली सापडते.

शची हे पौलोमीचंच दुसरं, आटोपशीर नाव. ते अधिक जुनं आणि अर्थाने अधिक भारी. वैदिक भाषेत शची म्हणजे सामर्थ्य, मदतीला धावणारी शक्ती. इंद्राला शचीपती म्हटलं ते आधी ‘सामर्थ्याचा धनी’ या अर्थाने. पुढे पती शब्दाचा नवरा हाच अर्थ डोक्यात पक्का झाला आणि शची त्याची बायको ठरली. एका विशेषणातून बाई उभी राहिली म्हणा ना. बंगालात हे नाव घरोघरी माहीत आहे, कारण चैतन्य महाप्रभूंच्या आईचं नाव शचीदेवी. पौलोमीही तिकडे नवं नाही. टेबल टेनिसची राष्ट्रीय विजेती पौलोमी घटक बंगालचीच. म्हणजे दुर्मीळ कुठे, हा प्रश्नही विचारायला हवा. महाराष्ट्रात जे कानाला नवं लागतं ते कोलकात्यात बसस्टॉपवर भेटू शकतं. त्याने काही बिघडत नाही. उलट अशा नावाला चालतं-बोलतं अस्तित्व असतं, ते कोशात धूळ खात पडलेलं नसतं.

मूळ शोधायचं कुठे? पौराणिक नाव असेल तर पहिलं पुस्तक सिद्धेश्वरशास्त्री चित्रावांचा प्राचीन चरित्रकोश. 1932 साली निघालेला हा कोश आजही या कामाला पुरून उरतो. एका नावाच्या चार व्यक्ती असतील तर चौघी वेगळ्या करून कोणती कुठल्या ग्रंथात आली तेही तो सांगतो. शब्दाचा अर्थ हवा असेल तर वामन शिवराम आपट्यांचा 1890 चा संस्कृत कोश किंवा मोनिअर विल्यम्सचा 1899 चा. दोन्हींचे अर्थ इंग्रजीत आहेत, पण जर्मनीतल्या कोलोन विद्यापीठाने ते संकेतस्थळावर फुकट खुले केले आहेत आणि फोनवर शोधता येतात. मराठीतून अर्थ हवा असेल तर ज. वि. ओकांचा गीर्वाणलघुकोश. रविवारी लोकल पकडून ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयात किंवा दादरच्या मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयात गेलात तर हे कोश टेबलावर पसरून बसता येतं. सातव्या-आठव्या महिन्यात होणाऱ्या आईला प्लॅटफॉर्मचे जिने चढायला लावू नका, हे काम बाबाने करावं. तेवढीच त्याची हजेरी लागेल.

कोश उघडलात की काही धक्के बसतील. आरव घ्या. अनेक याद्या याचा अर्थ ‘शांत’ असा देतात. कोशात आरव म्हणजे आवाज, ओरडा, गलका. ज्यांच्या घरी दोन वर्षांचा आरव आहे त्यांना कोणता अर्थ खरा ते सांगायची गरज नाही. रेयांश तर संस्कृत कोशात सापडतच नाही. ‘किरणाचा अंश’ असा त्याचा अर्थ सांगतात, म्हणजे पहिलं अक्षर इंग्रजीतून आणि उरलेलं संस्कृतातून आणल्यासारखा प्रकार झाला. श्रेयांशचं दुखणं वेगळं आहे. मूळ शब्द श्रेयांस, शेवटी स. अकरावे तीर्थंकर श्रेयांसनाथ. ऋषभदेवांना वर्षभराच्या उपवासानंतर उसाचा रस देणारा हस्तिनापूरचा राजकुमारही श्रेयांसच, आणि अक्षय्य तृतीयेला वर्षीतपाचं पारणं उसाच्या रसाने होतं ते त्याच आठवणीत. भाईंदरमध्ये जैन वस्ती मोठी, त्यामुळे ही कथा तुमच्या वरच्या मजल्यावर कुणाला तरी तोंडपाठ असेल. त्यांना जाऊन विचारा. ‘अंश’ लावला की भारदस्त वाटतं या हौसेपायी चांगल्या-भल्या नावाचं शेपूट बदललं गेलं.

पण कोशात नाही म्हणून नाव वाईट, असं मी म्हणणार नाही. प्राजक्ता संस्कृत कोशात शोधून दाखवा. मिळणार नाही. मूळ झाड पारिजातक, समुद्रमंथनातून निघालेलं, इंद्राच्या नंदनवनात लावलेलं आणि सत्यभामेच्या हट्टापायी कृष्णाने तिथून उचलून आणलेलं. मराठी तोंडांनी पारिजातकाचा प्राजक्त केला आणि त्यावरून मुलींचं नाव प्राजक्ता झालं. इंद्रलोकातून मराठी घरात आलेलं हे सर्वांत यशस्वी नाव, आणि ते घडवलं आयाबायांनी, कुठल्याही पंडिताने नव्हे. इंद्रायणीचंही तसंच. हे नाव ऐकून मराठी माणसाला इंद्र आठवत नाही. देहू-आळंदी आठवते, फार तर तांदूळ आठवतो. मुलीचं नाव म्हणून इंद्रायणी आजही विरळाच, आणि तरी महाराष्ट्रात कुणालाही स्पेलिंग विचारावं लागणार नाही. दुर्मीळ पण अनोळखी नाही, असं नाव सापडणं हा भाग्याचा भाग. घडवलेलं नाव आणि बनावट नाव यांत फरक एवढाच की घडवलेल्या नावामागे कुणाची तरी बोली असते, आणि बनावट नावाला नुसताच खोटा अर्थ चिकटवलेला असतो.

कान आणि जीभ

मनुस्मृतीशी आपलं पटो न पटो, तिच्यातला एक नियम बारशाला उपयोगी आहे: मुलीचं नाव उच्चारायला सोपं, ऐकायला गोड, अर्थाने स्पष्ट आणि शेवटी दीर्घ स्वर असलेलं असावं. पारस्कर गृह्यसूत्र अक्षरंही मोजतं. मुलाच्या नावात सम, मुलीच्या नावात विषम. पौलोमी तीन अक्षरांची, उत्तीर्ण. शची दोन अक्षरांची, नापास. हे एवढं मनावर घेऊ नका, पण ‘उच्चारायला सोपं’ हा मुद्दा इंद्रलोकात फार गंभीरपणे घ्यावा लागतो. 2011 च्या जनगणनेत मीरा-भाईंदरची लोकसंख्या 8 लाखांच्या वर होती आणि तिच्यात कोण नाही? आमच्याच जिन्यात मराठी, गुजराती, मारवाडी, भोजपुरी आणि तुळू बोलणारी घरं आहेत. तुमच्या बाळाचं नाव या सगळ्यांच्या तोंडून निघणार.

मराठीत ज्ञ म्हणजे द्न्य, हिंदीत ग्य, गुजरातीत ग्न. ज्ञानदा नाव ठेवलंत तर ती घरात द्न्यानदा, शाळेत ग्यानदा आणि समोरच्या काकूंकडे ग्नानदा होणार. इंग्रजी स्पेलिंग आपल्या पद्धतीने डी-एन-वाय असं केलंत तर अमराठी शिक्षिका हजेरी घेताना थबकणार हे नक्की. ऋ आपण रु म्हणतो, हिंदी भाषक रि म्हणतात. ऋतुजाची रितुजा होते, मग एका दाखल्यावर आर-यू आणि दुसऱ्यावर आर-आय. ळ असलेलं नाव तर बाहेर ल होऊनच जगतं. ही नावं ठेवू नयेत असं माझं म्हणणं नाही. मला ज्ञानदा फार आवडतं. आधी माहीत असावं, एवढंच.

शची हिंदी कानाला ‘सच्ची’ किंवा ‘साची’ ऐकू येतं. पौलोमीचं इंग्रजी स्पेलिंग दोन प्रकारे होतं, पी-ए-यू किंवा बंगाली रीतीने पी-ओ-यू. दुसरं लिहिलंत तर इकडे कुणीतरी ‘पूलोमी’ वाचणार. माझा कौल पी-ए-यूला.

जिभेनंतर चिडवाचिडवी. ही चाचणी घरातल्या दहा-बारा वर्षांच्या भाच्यावर करावी. नाव सांगा आणि दोन मिनिटं थांबा. त्याला काही सुचलं नाही तर नाव सुरक्षित. मातली हा इंद्राचा सारथी, अर्जुनाला रथातून स्वर्गात घेऊन जाणारा. नाव छान, पण मराठी शाळेत ‘कोण मातली?’ एवढंच ऐकू येणार. वासव म्हणजे वसूंचा प्रमुख, खरं तर दणकट नाव, पण पहिल्या दोन अक्षरांत वास आला. घृताची अप्सरा, द्रोणाच्या जन्मकथेतली. शब्दाचा अर्थ तुपाने निथळणारी, वेदात यज्ञातल्या तुपाच्या पळीलाही घृताची म्हणतात. भाचा म्हणेल, ‘तुपाची’. तिलोत्तमा मात्र या चाचणीतून सहज निघते. विश्वातल्या उत्तम वस्तूंतून तीळ तीळ घेऊन घडवलेली, हाक मारायला तिलू. हे नाव कुणी का ठेवत नाही, मला कळत नाही.

जयंतीची गंमत खास भाईंदरची. जयंती ही इंद्राची मुलगी. मराठीत जयंती म्हणजे थोरामोठ्यांचा जन्मदिवस, शाळेला सुटी. आणि गुजराती घरात जयंती म्हणजे जयंतीलाल, साठीचा, चष्मा लावलेला, किराणा दुकान चालवणारा. ‘जयंती आली’ म्हटल्यावर समोरचं कुटुंब दाराकडे काकांना शोधणार.

कथा किती मनावर घ्यायची

जयंत म्हणजे इंद्राचा मुलगा. पण रामकथेत सीतेला चोच मारणारा आणि रामाने मंतरलेल्या दर्भाची काडी मागे लावल्यावर तिन्ही लोक पळत सुटणारा कावळाही हाच. शेवटी एका डोळ्यावर निभावलं. आपल्या आजोबांच्या आणि वडिलांच्या पिढीत जयंत सर्रास ठेवलं गेलं, जयंत नारळीकरांसारख्या शास्त्रज्ञाने ते मिरवलं, आणि कावळा कुणालाही आठवला नाही. आज ते म्हातारं नाव समजलं जातं, म्हणजे पुन्हा दुर्मीळ व्हायच्या मार्गावर. आजोबांच्या पिढीतल्या नावांची फॅशन साधारण नातवंडांच्या वेळी परत येते. जुन्या पत्रिकांचा गठ्ठा काढून पाहिलात तर यादीपेक्षा चांगली नावं मिळतील.

मेनका हे नाव मराठीत मुलीपेक्षा मासिकाला जास्त शोभलं. पु. वि. बेहेरे यांनी 1960 साली सुरू केलेलं मेनका मासिक एका पिढीच्या उशाशी असायचं. मुलीला ते ठेवायला लोक कचरतात, आणि रंभेचं तर विचारूच नका, मराठीत ‘मोठी आली रंभा’ हे कौतुक नसतंच. इथे मी लोकांच्या बाजूने आहे. ग्रंथातल्या कथेपेक्षा रोजच्या बोलण्यात नाव कसं वापरलं जातं ते मुलाला अधिक भोगावं लागतं. मघवा हे इंद्राचं आणखी एक नाव, अर्थ दाता, दिलदार. पण व्याकरण शिकलेला माणूस हसेल, कारण पाणिनीने रूपं सारखी चालतात म्हणून कुत्रा, तरुण आणि मघवा यांना एकाच सूत्रात बांधून टाकलं आहे. असे हसणारे आता भाईंदरमध्ये किती उरले असतील? ठेवायला हरकत नाही.

चांगला अर्थच हवा, ही मागणीही तशी नवी. केरबा, धोंडू, दगडू, भिकाजी ही नावं आपल्याकडे ठेवली जात ती मूल दगावू नये म्हणून. आधीची मुलं गेलेली असत, तेव्हा नव्याला केरात टाकल्यासारखं करायचं, धोंडा म्हणायचं, भीक मागून आणल्याचं नाटक करायचं, म्हणजे मृत्यूची नजर वळणार नाही. त्या नावांना हसणाऱ्यांनी त्यामागची आईची भीती ध्यानात घ्यावी. उलट बाजूला नकुशी. मुलगी नको होती, हेच तिचं नाव. सातारा जिल्ह्यात 22 ऑक्टोबर 2011 रोजी अशा 285 मुलींना जाहीर समारंभात नवी नावं दिली गेली. कुणी ऐश्वर्या झाली, कुणी वैशाली. त्या मुलींना नाव दुर्मीळ आहे की नाही याच्याशी घेणंदेणं नव्हतं. चारचौघींसारखं नाव मिळणं हीच त्यांची हौस होती.

खरंच दुर्मीळ आहे का

अमेरिकेत सरकार दरवर्षी जन्मलेल्या बाळांच्या नावांची यादी काढतं. तिथली आकडेवारी थेट 1880 सालापासूनची आहे, आणि एखादं नाव देशभरात पाचपेक्षा कमी बाळांना मिळालं असेल तर ते यादीत येत नाही. इंग्लंडमध्ये ही मर्यादा तीनची. न्यू जर्सीतल्या किंवा लंडनमधल्या मराठी आईबाबांनी आपलं नाव त्या याद्यांत ताडून पाहावं, पाच मिनिटांचं काम आहे. आपल्याकडे सरकार अशी यादी काढत नाही. त्यामुळे ‘यंदाची लोकप्रिय 100 नावं’ असं कुणी छापलं तर ती कुणाच्या तरी ग्राहकांची किंवा वाचकांची यादी आहे असं समजावं.

मग अंदाज कसा घ्यायचा? मतदारयाद्या केंद्रनिहाय मराठीत उपलब्ध असतात. आपल्या भागाची यादी चाळली तर एखादं नाव किती जणांना आहे ते दिसतं, फक्त ती माणसं किमान 18 वर्षांपूर्वी जन्मलेली असतात. म्हणजे यादीत नाव नसणं ही जुनी बातमी. ताज्या बातमीसाठी बालरोगतज्ज्ञाच्या दवाखान्यात नावं पुकारणाऱ्या ताईला विचारा. नर्सरीच्या ताईलाही विचारा. या दोघींना शहरातली लाट सगळ्यांच्या आधी कळते. ‘सध्या व वरून आणि श वरून फार येतायत’ असं त्या बसल्याबसल्या सांगतात.

आणि लाट येते कशी, तर तुमच्यासारखेच आणखी हजारो जण एकाच वेळी दुर्मीळ नाव शोधत असतात म्हणून. सगळ्यांचे कान एकाच गोष्टींनी तयार झालेले असतात. कादंबरी वाचली जायची तेव्हा वि. स. खांडेकरांच्या ‘ययाती’ने देवयानी आणि शर्मिष्ठा घराघरांत नेल्या, शिवाजी सावंतांच्या ‘मृत्युंजय’ने वृषाली ओळखीची केली. महाभारत कर्णाच्या बायकोचं नाव सांगायची फारशी तसदी घेत नाही, ते काम मराठी कादंबरीने केलं. आता ते काम सिनेमा आणि मालिका करतात. देवसेना हे इंद्रकथेतलं नाव, कार्तिकेयाची बायको. कार्तिकेय ब्रह्मचारी अशी आपल्याकडची समजूत, म्हणून मराठी घरांत तिला थारा नव्हता. 2017 च्या ‘बाहुबली’च्या दुसऱ्या भागानंतर मात्र हे नाव लहान मुलांनाही पाठ झालं. म्हणून सिनेमा किंवा मालिका जोरात असताना तिच्यातलं नाव ठेवू नये. दुर्मीळपणा टिकत नाही, आणि नायिकेचं पुढे काय होणार ते लेखकाच्या हातात असतं.

आत्या, रास आणि खिडकी

राशीचं अक्षर हा भांडणाचा विषय होऊ देऊ नका. 27 नक्षत्रं, प्रत्येकाचे 4 चरण, म्हणजे 108 अक्षरं. त्यांत आर्द्रेच्या तिसऱ्या चरणाला ङ येतो, हस्ताच्या तिसऱ्याला ण आणि उत्तराभाद्रपदेच्या चौथ्याला ञ. या अक्षरांवरून कुणाचं नाव सुरू होणार? म्हणून पंचांगवाले तिथे जवळचं अक्षर घेतात, म्हणजे सोय करून देण्याची रीत मुळातच आहे. मराठी घरांत बहुधा जन्मनाव पत्रिकेत राहतं आणि व्यवहाराचं नाव वेगळं ठेवलं जातं. गुजराती शेजारी मात्र अनेकदा राशीच्या अक्षरावरूनच खरं नाव ठेवतात, आणि तिकडेही नाव ठेवण्याचा मान आत्याचाच, तिला ते फोई म्हणतात. शेजारचं बघून सासूबाई हट्टाला पेटल्या तर त्यांना आपल्या घरची जुनी पत्रिका दाखवा, बहुधा तिच्यात दोन नावं सापडतील. आत्याला मात्र नाव आधी लिहून द्या. कुर्र करून ऐन वेळी कानात पौलोमीऐवजी दुसरंच काही सांगितलं गेलं की बारशाच्या घुगऱ्यांपेक्षा तीच चर्चा जास्त चालते.

कागदोपत्रीचं काम आता पूर्वीपेक्षा जास्त महत्त्वाचं झालं आहे. 1 ऑक्टोबर 2023 पासून जन्मलेल्या मुलांना शाळाप्रवेश, वाहनपरवाना, मतदारयादी, पासपोर्ट या सगळ्यांसाठी जन्मतारखेचा पुरावा म्हणून जन्माचा दाखलाच लागतो. त्यावर पडेल ते नाव आयुष्यभराचं. जन्माची नोंद 21 दिवसांत व्हावी लागते, पण त्या वेळी नाव द्यायलाच हवं असं नाही. नावाशिवाय नोंद होते. बारा महिन्यांच्या आत नाव दिलंत तर शुल्क नाही, त्यानंतर 15 वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून टाकता येतं. म्हणून दवाखान्यातला कारकून फॉर्म घेऊन घाई करू लागला तर शांतपणे रकाना मोकळा ठेवायला सांगा. नोंदवलेलं नाव नंतर बदलणं किचकट असतं, लेखनातली चूक दुरुस्त होते, पण मन बदललं म्हणून नाव बदलायचं तर राजपत्रापर्यंत जावं लागतं.

दाखला कुठून मिळणार याचा इंद्रलोकात हमखास घोळ होतो. नोंद जन्म झाला त्या ठिकाणी होते, तुम्ही राहता तिथे नाही. बाळंतपण टेंभ्याच्या भीमसेन जोशी रुग्णालयात किंवा इथल्या एखाद्या प्रसूतिगृहात झालं असेल तर मीरा-भाईंदर महापालिका. बोरिवलीत झालं असेल तर मुंबई महापालिका. माहेरी सांगली-साताऱ्याकडे झालं असेल तर तिथली नगरपालिका किंवा ग्रामपंचायत. नाव टाकायलाही त्याच कार्यालयात जावं लागतं, तेव्हा माहेराहून निघण्याआधी हे उरकून घ्या.

आणखी एक. महाराष्ट्रात 1 मे 2024 पासून जन्मलेल्या मुलांच्या शाळेच्या, परीक्षेच्या आणि महसुलाच्या कागदांवर आधी मुलाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं आणि शेवटी आडनाव असा क्रम आला आहे. चार नावं एका रांगेत उभी करून मोठ्याने वाचा. आईचं नाव ज्ञानेश्वरी, वडिलांचं पुरुषोत्तम आणि आडनाव कुलकर्णी असेल तर मुलीला तिलोत्तमा ठेवताना फॉर्मच्या चौकोनांचा विचार करावा. तिथे शची बरी.

दाखला हातात आला की खिडकीवरच उभं राहून देवनागरी आणि इंग्रजी दोन्ही नावं अक्षर न् अक्षर वाचा. पौचा पो झालेला नाही ना, शचीतला श शहामृगातलाच आहे ना, आणि इंग्रजीत तुम्ही फॉर्मवर लिहिलं होतं तेच स्पेलिंग आहे ना. मग तेच स्पेलिंग आधारसाठी द्या, लसीच्या कार्डावरचं दवाखान्यातून दुरुस्त करून घ्या, आणि दाखल्याच्या दोन-तीन प्रती जादा मागून ठेवा.